दातांच्या गाण्यातलं गाळलेलं कडवं

शनिवार, ७ मार्च

आज दिवसभर एक जुना आवाज कानात आहे. पहिलीचा वर्ग, साठ मुलं, एका सुरात कविता चालली आहे, आणि ओळीत 'स' आला रे आला की साऱ्या वर्गातून एक बारीक शीळ निघते. सहा-सात वर्षांची पोरं, पुढचे दात पडलेले, त्या फटींतून वारा सुटायचा. दलदलीतल्या लव्हाळ्यात वारा शिरावा तसा. मी मुद्दाम 'स' असलेल्या कविता निवडायचो. तपासनीस म्हणाले होते, गुरुजी, उच्चार सुधारा. मी म्हटलं, दोन वर्षं थांबा, दातच सुधारतील.

आठवायचं कारण अमूती. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वर्गात पुढच्या बाकावर बसून ती शीळ घालायची. (तिचं हजेरीपटावरचं नाव मला आठवत नाही. त्या नावाने आमच्याकडे फक्त हजेरी घेतात. माणसाला हाक मारायची ती मायेच्या नावाने. मला सगळे अपूली म्हणतात.) ती आता आरोग्य केंद्रात दातांचं बघते. आली ती हातात विजेरी घेऊनच. माझं तोंड उघडायला लावलं, अकरा दात मोजले, त्यातले तीन नापास केले. चहात साखर किती, विचारलं. मी दोन चमचे म्हटलं. स्वयंपाकघरातून केंगोंझी, माझी नात, म्हणाली, "चार. वर भरून."

अमूतीचं गाऱ्हाणं असं, की लोक गाल सुजल्यावर येतात, दात उपटून घेतात आणि जातात. दुखण्याआधी कुणी येत नाही. तिच्या पांढऱ्या कोटाला मुलं घाबरतात. म्हणून दर शनिवारी सकाळी माझ्या अंगणात, फणसाखाली, घरच्या घरी दात कसे सांभाळायचे ते मी शिकवावं, आणि तेही कवितेत, म्हणजे पाठ होईल. "तुमचं ऐकतील, गुरुजी. आम्ही ऐकायचो." मी आढेवेढे घेतले, पण किती थोडे घेतले ते इथे लिहायला हरकत नाही.

कागदावर सहा मुद्दे लिहून दिले आहेत. दिवसातून दोनदा घासणं, मागच्या दाढा, साखर, आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनी घासून देणं, बाळाच्या हिरड्या ओल्या फडक्याने पुसणं आणि बाळाला गोड बाटली न देणं. सहावा मुद्दा खोट्या दातांचा. तान्ह्याला जुलाब झाले, ताप आला, आणि हिरडीवर पांढरा उंचवटा दिसला, की आमच्या टेकडीवर म्हणतात खोटे दात आले, ते खोदून काढा, नाहीतर बाळ जाईल. अमूती म्हणते तो दुधाच्या सुळ्याचा कोंब असतो. जुलाब कशाने तरी वेगळ्यानेच झालेले असतात. आणि सायकलच्या तारेने कोंब काढताना कधीकधी बाळच जातं.

सहाव्या मुद्द्याशी माझा पेन थांबला. आमच्या टेकडीवर हे काम अब्वोली करते. तिच्याआधी तिची आई करायची. अब्वोली माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण. बायको गेल्यापासून दर रविवारी भुईमुगाचं वाटलेलं कालवण माझ्यासाठी ती पाठवते, कारण मला चावत नाही हे तिला ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर माझी मुलगी आतेन्यी सात महिन्यांची असताना आम्हीही तिला नेलं होतंच की. काय झालं तिला? सत्तेचाळीस वर्षांची आहे, शहरात शिवणाचं दुकान आहे, ठणठणीत आहे.

सोमवार, ९ मार्च

पाच कडवी झाली. पहिलं असं:

हे दंतपंक्ते, शुभ्रमौक्तिके,
वदनमंदिरी तू दीपमाला!

तिसऱ्या कडव्यात साखरेला मायावी राक्षसीण केलं आहे. सहावं कडवं होत नाही. 'खोटे दात' हे शब्द या वृत्तात बसतच नाहीत. पाच वेळा करून पाहिलं. वृत्तापुढे माणसाचं काही चालत नाही.

केंगोंझी सकाळी चहाच्या मळ्यावर खुडणीला जाते तेव्हा अराली माझ्याकडे असतो. माझा पणतू, सात महिन्यांचा. कवितेची ओळ म्हटली की कान टवकारतो. मागच्या बाजारात त्याच्यासाठी एक निळ्या बुचाची बाटली आणली आहे. माझा चहा झाला की त्यातलाच थोडा त्याला. पिंपातल्या पाण्याने विसळून बाटली खिडकीत ठेवतो, ऊन लागतं. आम्ही दोघं डोंगरावरचे ढग बघत पितो. म्हातारपणी याहून काय हवं?

शनिवार, १४ मार्च

पहिला शनिवार. बत्तीस माणसं, त्यात वीस मुलं, एक शेळी. अब्वोली सगळ्यांत पुढे, आपली चटई घेऊन. म्हणाली, मला दातांचं काही नको, तुमच्या फणसाची सावली चांगली आहे.

मी उभा राहून पाचही कडवी म्हटली. आवाज लागला होता. दुसऱ्या कडव्याला मुलं मुंग्या बघू लागली. चौथ्याला एक आजी पेंगून शेजारणीच्या खांद्यावर पडली. संपल्यावर कुणीतरी विचारलं, हे प्रार्थनेचं होतं का. अब्वोली म्हणाली, "अपूली, ऐकायला फार छान. समजलं असतं तर आणखी छान वाटलं असतं." सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मग अमूतीने गोड बाटलीचं सांगितलं: चहा असो, सरबत असो, बाळ ते चोखत चोखत निजलं की दुधाचे दात बाहेर येतात तेच काळे. मी मान डोलवून दुजोरा दिला. माझ्या पाचव्या कडव्यात तेच आहे. अर्थात घरातल्या बाळाला चव म्हणून दिलेला चहा यात धरायचा नसतो.

जाताना अमूतीने विचारलं, सहावं कुठे गेलं? मी वृत्ताची अडचण समजावून सांगितली. ती चटई गुंडाळणाऱ्या अब्वोलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "वृत्त बदला, गुरुजी." हल्लीच्या पिढीला वाटतं वृत्त म्हणजे सदरा.

मंगळवार, १७ मार्च

झऱ्याच्या वाटेवर पाण्याला जाणाऱ्या मुली गात होत्या. आधी कळलं नाही काय ते. मग कळलं.

वरती घास, खालती घास,
मागं लपलीय दाढ, तिला घास.
साखर आली, कीड आली,
गुरुजींची दाढ पळून गेली!

माझी दीपमाला कुठे, माझी राक्षसीण कुठे! घरी आलो, चहा केला, रुसून बसलो. केंगोंझीला सांगितलं तर तिला हसू आवरेना. वर तिनेच ते भांडी घासताना म्हटलं. संध्याकाळी माझं मलाच कळलं की मी काठीच्या ठेक्यावर तेच म्हणतो आहे. चार ओळींत पाच मुद्द्यांपैकी तीन आले आहेत. आयुष्यभर मी मुलांना कविता पाठ करायला लावल्या. कवितेने मुलांना पाठ केलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

शनिवार, २१ मार्च

सत्तरच्या वर माणसं. शेळ्या मोजल्या नाहीत.

दीपमाला रद्द. मुलींना पुढे उभं केलं आणि त्यांचंच गाणं घेतलं. 'गुरुजींची दाढ' आली की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी तोंड उघडून फट दाखवतो. असा मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. अमूतीने सांगितलं, ब्रश नसला तर झाडाची काडी चालते, पण टोक चावून कुंचा झाला पाहिजे आणि मागपर्यंत गेला पाहिजे. नुसती ओठात धरून गावभर मिरवायची नाही. यावर सगळे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. बायांनी आपापल्या बाळांच्या हिरड्या ओल्या फडक्याने पुसून बघितल्या. अराली फडकंच चोखत बसला.

आतेन्यी शहरातून आली होती. मुलींचं गाणं ऐकून ती हसली, नेहमीसारखी, तोंडापुढे हात धरून. मला राहवलं नाही. ती अठरा वर्षांची असताना मी तिच्यावर केलेली कविता सगळ्यांसमोर म्हटली:

हसू तुझे गं पाखरू लाजरे,
हाताच्या पानाआड घर करे.

माणसं वा म्हणाली. आतेन्यी खाली बघत होती. इतकी वर्षं झाली तरी पोरीचा लाजाळूपणा गेला नाही.

नंतर अमूती तिला घरामागे घेऊन गेली, विजेरीसकट. बराच वेळ दोघी बोलत होत्या. आतेन्यी आली तेव्हा डोळे लाल. धूळ गेली म्हणाली. काल रात्री पाऊस पडून गेला असला तरी आमच्याकडे धूळ फार. जेवायला थांबली नाही. नाचणीचा गोळा तिला आवडतो म्हणून मुद्दाम केला होता.

बुधवार, २५ मार्च

अरालीला कालपासून जुलाब होताहेत. अंग गरम आहे. केंगोंझी कामाला गेली नाही. आईचं दूध थोडं घेतो आणि सोडून देतो. त्याला आवडतो म्हणून मी बाटलीत थोडा चहा दिला, तो मात्र घेतला. मग पुन्हा जुलाब.

कविता सुचत नाही.

गुरुवार, २६ मार्च

आज सहा वेळा. डोळे खोल गेलेत. रडतो, पण अश्रू येत नाहीत.

केंगोंझीने बोलावलं म्हणून दुपारी अब्वोली आली. हात धुऊन, बोट घालून हिरडी चाचपली. तिचं बोट तान्ह्यांच्या तोंडात कसं हळू फिरतं ते मी नेहमीच नवलाने बघत आलोय. खाली दोन्ही बाजूंना पांढरं आहे म्हणाली. उद्या सकाळी घेऊन ये, उशीर नको. तार उकळून ठेवते.

केंगोंझी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणेन याची ती वाट बघत होती हे मला आता, हे लिहिताना कळतं आहे. मी म्हटलं, अमूतीला विचारायला हवं. अब्वोली म्हणाली, "अपूली, तुमच्या फणसाखाली दोन शनिवार बसले. तुम्ही दात घासा म्हणालात, साखर सोडा म्हणालात. हे काढू नका असं एकदाही म्हणाला नाहीत."

खरं होतं. मी चहा घ्या म्हणालो.

केंगोंझी नंतर फोनवर तिच्या आईशी, आतेन्यीशी, बोलली. आरोग्य केंद्रात उद्या सकाळी लवकर जाऊ, असं मी तिला सांगितलं. ती अरालीचं अंग पुसत राहिली.

शुक्रवार, २७ मार्च

जसं झालं तसं लिहितो, सजवणार नाही.

सकाळी शाळेच्या आवारात मोटारसायकलवाले उभे असतात, तिथून एक आणायला गेलो. परत आलो तर घर रिकामं. बाळाला पाठीशी बांधायचं कापड खुंटीवर नाही. मी टेकडीची वाट धरली. मोटारसायकल त्या पायवाटेने चढत नाही. माझे गुडघेही चढत नाहीत. केळीच्या बागेपाशी मागून कुणीतरी पळत आलं आणि मला ओलांडून गेलं. आतेन्यी, चपला हातात. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा अब्वोलीच्या अंगणात केंगोंझी चटईवर बसली होती, अराली मांडीवर. शेजारी पातेल्यात वाफाळणारं पाणी, त्यात तार. आणि तिच्या नि अब्वोलीच्या मधे आतेन्यी गुडघ्यांवर. तिचा हात तोंडापुढे नव्हता. दोन बोटांनी खालचा ओठ खाली ओढून ती अब्वोलीला तोंड दाखवत होती.

"आई सांगायची, काढले तुमच्या आईने आणि डोकं धरलं तुम्ही," ती म्हणत होती. "बघा, त्या जागी काय उगवलं."

मी माझ्या मुलीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. खाली दोन्ही बाजूंचे सुळे नाहीत. शेजारचे दात त्या भोकांकडे कलले आहेत, कुंपणाचे खांब कलतात तसे.

अब्वोलीने हात धुतले. तिने बाळांच्या तोंडात घालते तसंच बोट आतेन्यीच्या तोंडात घातलं आणि हिरडीची रिकामी जागा चाचपली, या बाजूची, मग त्या बाजूची.

"इथं नंतर काहीच आलं नाही?"

"नाही."

"दुधाचे गेले तरी मोठेपणीचे यायला हवे होते."

"सत्तेचाळीस वर्षं वाट बघतेय, काकू."

मग आतेन्यी केंगोंझीकडे वळली आणि म्हणाली, तुला बावीस वर्षांत मी हे दाखवलं नाही, आज बघ. अमूतीने सांगेपर्यंत मलाही वाटायचं की मी जन्मतःच अशी. केंगोंझी आईकडे बघत राहिली आणि मग तिने अरालीला छातीशी घट्ट धरलं.

अब्वोली उठली. पातेलं उचललं, पाणी तारेसकट गवतात ओतलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

उतरताना आतेन्यीने माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "बाबा, ती कविता तुम्ही माझ्या लग्नात म्हटली होती. फोटोत सगळे हसताहेत, मी हातामागे आहे." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

अराली आरोग्य केंद्रात आहे. पुडीचं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने, दर पाच मिनिटांनी. मी पण एक तास पाजलं. एक थेंबही सांडला नाही.

शनिवार, २८ मार्च

शनिवारची सभा नाही. अराली रडला. डोळ्यांतून पाणी आलं. त्या दोन थेंबांना बघून आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो.

सोमवार, ३० मार्च

बाळ घरी आलं. दहा दिवस जस्ताच्या गोळ्या, चमच्यात विरघळवून, आणि आईचं दूध मागेल तेव्हा.

अमूती पोचवायला आली. खिडकीतली निळ्या बुचाची बाटली तिने उचलली, बूच काढलं, चोखणी उलटी केली. आत काळपट बुळबुळीत थर. वास मला इथपर्यंत आला. ती एवढंच म्हणाली, "ही कुणाची?" केंगोंझीने माझ्याकडे बघितलं, आतेन्यीने बघितलं, अरालीनेही बघितलं, आणि तो तर बाटलीसाठी हात पुढे करून.

मी फणसाखाली भाषणं देत होतो आणि माझ्याच खिडकीत हे. पाचवं कडवं मीच लिहिलं होतं ना? शाळेत ज्या मुलाला कविता तोंडपाठ असते आणि अर्थ विचारला की छताकडे बघतो, तसा मी छताकडे बघत राहिलो.

बाटली पुरली. आता वाटी, चमचा आणि उकळून गार केलेलं पाणी. पिंपाला झाकण आणलं. माझी साखर एक चमचा, केंगोंझी मोजते.

शनिवार, ४ एप्रिल

आतेन्यी म्हणाली, सहावं कडवं मी करते. तिने केलं ते असं:

बाळाच्या हिरडीत पांढरं टोक,
दातच आहे तो, काढू नको.

यमक अर्धवट, मात्रा कमी-जास्त. मी पेन खिशातच ठेवला. मुलींना ते पहिल्या वेळेतच पाठ झालं आणि तेच त्या सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. गाणं झाल्यावर आतेन्यी उभी राहिली आणि तोंड उघडून दाखवलं. एका आईने आपल्या मुलाला उचलून जवळून बघायला लावलं. दुसरी एक जवळ आली आणि हळूच आपलंही तोंड उघडलं. तिच्याही खाली तेच. मग तिसरी. त्या तिघी घरामागे जाऊन कितीतरी वेळ बोलत बसल्या, आणि मधेच अशा हसल्या की कोंबड्या पळाल्या.

अब्वोलीची जागा मोकळी होती. गेल्या रविवारी कालवणही आलं नाही. वाटेत दिसली तर ती दुसरी पायवाट धरते. चाळीस वर्षं टेकडीवरची प्रत्येक आई तिच्या दारात आली आहे. आता कोण येणार? आणि जी आली होती ती आठवून तिला काय वाटत असेल? एक ओळही लिहिता येत नाही. तिच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि कडी न वाजवता परत आलो. काय म्हणणार होतो? बाळाला नेणारे तर आम्हीच.

रविवार, १२ एप्रिल

ईस्टर. देवळातून आलो तर अरालीने माझं बोट तोंडात घेतलं आणि चावला. चावला! खाली मधोमध तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. मी ओरडलो तेव्हा केंगोंझीला वाटलं पडलोच. सगळ्यांनी पाळीपाळीने बोट चावून घेतलं. आतेन्यीने ओल्या फडक्याने तो एकुलता एक दात पुसला, समारंभाने, वेदीवरची भांडी पुसतात तसा. म्हणाली, रोज दोनदा, हा दात म्हातारा होईपर्यंत.

जेवणात कच्च्या केळ्यांचे वाफवलेले माटोके, कोंबडी, सोललेल्या घेवड्याचं घट्ट कालवण. अमूतीही आली होती. मी कोंबडीचं हाड चघळायचा प्रयत्न करत होतो, तर ती म्हणाली, गुरुजी, नापास झालेले पुन्हा परीक्षेला बसवू नका. आतेन्यी हसली. दोन्ही हातांत ताटं होती तिच्या, म्हणून असेल. पण ताटं खाली ठेवल्यावरही ती पुन्हा हसली, आणि हात मांडीवरच होते. मी माझ्या जुन्या कवितांची वही उघडली आणि त्या दोन ओळींवर काट मारली. तिने बघितलं. म्हणाली, "राहू द्या बाबा, चाल चांगली आहे."

मी काट तशीच ठेवली.

शनिवार, १८ एप्रिल

आज जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी मुलींचं गाणं ऐकायला येणार होते. अमूतीने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. आतेन्यीने सगळ्या मुलींना एकसारखे झगे शिवून आणले, पिवळे. मी कोट काढला, त्याच्या खिशात खडू सापडला. अंगण झाडून झालं, चटया पसरल्या, चहा बिनसाखरेचा ठेवला, अधिकाऱ्यांसाठी साखर वेगळी. मुली मागच्या बाजूला तालीम करत होत्या.

अधिकारी दोनला यायचे. दीडलाच दाराशी पावलं वाजली. मी कोटाची बटणं लावत, मनात स्वागताची चार वाक्यं जुळवत दार उघडलं.

अब्वोली होती. तिच्या पाठीवर कापडात बांधलेलं एक अनोळखी बाळ, मान कलंडलेली. तिच्या मागे कुंपणापाशी एक पोरसवदा बाई, गुडघ्यांपर्यंत चिखल, नदीपलीकडून चालत आली असावी. मला वाटलं अब्वोली भांडायला आली आहे. वाटलं, बरं झालं, एकदाचं भांडून घेऊ.

"या बाईला तीन डोंगरांवरून माझ्याकडे पाठवलंय," ती म्हणाली. "बाळाला जुलाब होताहेत. हिरडीवर पांढरं आलंय. मी सांगितलं तिला, तो दात आहे, काढायचा नसतो. तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, माझ्या बहिणीच्या पोराचे तुम्हीच तर काढले होते."

तिने पाठीवरचं बाळ पुढे घेतलं, त्याचं डोकं आपल्या तळव्यात धरलं, आणि माझ्या खांद्यावरून आत, मागच्या अंगणाकडे बघितलं, जिथून गाणं ऐकू येत होतं.

"अमूतीला बोलवा, ते पाणी करायला सांगा. आणि आतेन्यी घरी आहे का, अपूली? तिला म्हणावं, काकू दारात उभी आहे. या पोरीला एकदा तोंड उघडून दाखवशील का."